आडोशाची शुद्धी

‘शौच’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांकडे पाठ करून उभे असल्यासारखे वाटतात. संस्कृतात शौच म्हणजे शुचिता, निर्मळपणा. पतंजलीने पाच नियमांत त्याला पहिले स्थान दिले. गीतेने तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत आणि सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीत त्याची गणना केली. रोजच्या बोलण्यात मात्र शौचाला जाणे म्हणजे परसाकडे जाणे. मलोत्सर्गानंतर माती आणि पाण्याने करायच्या शुद्धीला धर्मशास्त्र शौच म्हणत असे. ते नाव हळूहळू आधीच्या क्रियेला चिकटले आणि पुढे जागेलाही मिळाले. शब्दाच्या मुळाशी गेले तर शौचालय हे शुद्धीचे घर ठरते, आणि हा केवळ भाषेचा योगायोग नाही.

शुद्धी हा वस्तूचा गुण आहे, पाहणाऱ्याच्या मनातली कल्पना आहे, की कोणीतरी केलेल्या कामाचे फळ आहे? या प्रश्नाची चर्चा बहुधा देवघर, नैवेद्य आणि सोवळ्याच्या आधाराने होते. त्याची खरी कसोटी शौचालयातल्या आडोशापाशी, म्हणजे दोन कप्प्यांमधल्या पार्टिशनपाशी लागते. घाण आडोशात तयार होत नाही. तो नुसता शेजारी उभा असतो. त्याच्यावर शिंतोडे उडतात, त्याच्या कडीला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हात लागतो, त्याच्या खालच्या कडेला ओल चढते. शिवाय तो कुठे दगडाचा, कुठे पत्र्याचा, कुठे लाकडाच्या भुशाचा, कुठे प्लास्टिकचा असतो, आणि एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष ठरते. शुद्धीचा एकच नियम सगळ्यांना लावणारा विचार इथे टिकत नाही.

आडोसा मुळात लागतो कशाला, याचे एक जुने आणि सुंदर उत्तर पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. भिक्खू विहाराच्या आवारात वाटेल तिथे लघवी करत आणि आवार खराब होई. बुद्धांनी ती एका बाजूला करायला सांगितले. तिथे वास सुटला, तेव्हा मडके ठेवायला परवानगी दिली. त्यावर बसणे अवघड जाई, म्हणून पाय ठेवायच्या पादुका आल्या. त्या उघड्यावर असल्यामुळे भिक्खूंना लाज वाटू लागली, म्हणून भोवती कूड घालायची अनुज्ञा मिळाली, तीही तीन प्रकारांची: विटेचा, दगडाचा किंवा लाकडाचा. मग उघड्या मडक्याला वास येई, म्हणून झाकण आले. अडचण, तिच्यावर उपाय, त्या उपायातून नवी अडचण, असा हा सगळा क्रम चालतो. त्यात विटाळाचा उल्लेख कुठेही नाही. कूड उभा राहतो तो लाजेपोटी. पाली परंपरेत या लाजेला ‘हिरी’ म्हणतात आणि जगाचे रक्षण करणाऱ्या दोन गोष्टींपैकी ती एक मानली जाते. ज्या भावनेवर माणसांचे एकत्र राहणे टिकते, तिच्यासाठीच विटा, दगड आणि लाकूड यांची परवानगी दिली गेली. पार्टिशनच्या इतिहासाला याहून चांगला आरंभ मिळणे कठीण आहे.

द्रव्याप्रमाणे शुद्धी वेगळी, हा विचार धर्मशास्त्रात स्वतंत्र प्रकरण होऊन बसला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तो आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात ‘द्रव्यशुद्धी’ या नावाचेच प्रकरण आहे. त्यावर विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, इथे लिहिली गेली. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात हा सगळा पसारा मांडला आहे. मनूच्या मांडणीचा सारांश असा. लेप न लागलेले सोन्याचे भांडे, शंख-मोत्यांसारख्या पाण्यात जन्मणाऱ्या वस्तू आणि दगड हे नुसत्या पाण्याने शुद्ध होतात. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे यांना ज्याच्या त्याच्या मानाने क्षार, आम्ल आणि पाणी लागते. लाकूड तासून शुद्ध होते, मातीचे भांडे पुन्हा भाजून. जमीन झाडून, सारवून, शिंपून, खरवडून आणि तिच्यावर गाई बसवून शुद्ध होते. पातळ पदार्थ गाळून घ्यायचे.

ही यादी वाचताना मराठी माणसाला ग्रंथाआधी स्वयंपाकघर आठवते. तांब्याच्या घागरीला चिंच आणि मीठ चोळले की काळपट थर सुटतो आणि खालून गुलाबी तांबे वर येते. कोकणात हेच काम आमसुलाने होते. पितळेला राख किंवा बारीक रांगोळी लागते. तेच पितळ बिनकल्हईचे असले आणि त्यात आंबट आमटी राहिली, तर आमटी कळकते. घासताना उपकारक ठरणारे आम्ल साठवणीत अपायकारक ठरते. हे ज्ञान कोणत्या शास्त्रीने घरात आणून दिले नव्हते. उलट, घरात आणि तांबटाच्या दुकानात हातांनी जे शोधले तेच स्मृतिकारांनी श्लोकात बसवले, असे मानायला जागा आहे. क्षार आणि आम्ल ‘ज्याच्या त्याच्या मानाने’ वापरावे ही सूचना घासणाऱ्याच्या अनुभवाचीच आहे.

मातीच्या भांड्याचा नियम मात्र वेगळा विचार करायला लावतो. साधा दोष पुन्हा भाजल्याने जातो. पण त्याला मद्य, मूत्र, विष्ठा, थुंकी, पू किंवा रक्त लागले तर पुन्हा भाजूनही ते शुद्ध होत नाही, असे मनू सांगतो. तिकडे ज्यू धर्मग्रंथातही असाच भेद आढळतो. दूषित माणसाचा स्पर्श झालेले मातीचे भांडे फोडायचे, लाकडाचे धुवायचे. युद्धातून आणलेले धातू आगीतून काढायचे आणि आग न सोसणाऱ्या वस्तू पाण्यातून. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन परंपरा एकाच गोष्टीपाशी थांबतात: वस्तू शोषून घेते की घेत नाही. धातूवर मळ बसतो, मातीत तो मुरतो. वर बसलेले काढता येते. मुरलेले काढायचे तर वस्तूच बदलावी लागते. आजच्या शौचालयाच्या देखभालीचा पायाही हाच आहे, फक्त तिथे मातीच्या जागी पार्टिकल बोर्ड आला आहे.

जुन्या इमारतींत मुताऱ्यांच्या मधोमध संगमरवरी पाट्या उभ्या दिसतात. साध्या ठिकाणी त्याच जागी काळा कडप्पा किंवा कोटा असतो. दगड पाण्याने शुद्ध होतो हे मनूचे म्हणणे या तिघांबाबत जवळजवळ शब्दशः खरे आहे, आणि ते न पाळल्यामुळे यांचे सर्वांत जास्त नुकसान झाले आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कडप्पा आणि कोटा हे चुनखडीचेच दगड. तिन्ही आम्लात विरघळतात. संगमरवराच्या गुळगुळीत तुकड्यावर लिंबाचा एक थेंब टाकून पाहावे. थेंबाच्या कडेला बारीक बुडबुडे येतात. थोड्या वेळाने पुसले की तिथे काही उरले आहे असे दिसत नाही. पण तुकडा उजेडात तिरका धरला तर थेंबाएवढा निस्तेज गोल दिसतो. तो डाग नव्हे. तिथला दगड गेलेला आहे. सफाई करणाऱ्याला तो डागच वाटतो, म्हणून तो आणखी जोराने घासतो, आणखी ॲसिड ओततो, आणि गोल पसरत जातो. खडबडीत झालेल्या जागेत पिवळा क्षार अधिक घट्ट धरतो. ताजी लघवी किंचित आम्लधर्मी असते, पण साचून राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. मग ती अल्कधर्मी होते आणि तिच्यातले फॉस्फेटचे क्षार कडक थरासारखे बसतात. डोळ्यांना झोंबणारा तो वास याच अमोनियाचा. म्हणून इथे उपाय वेळेचा आहे: रोज, थर बसण्याआधी, साधा सौम्य साबण, भरपूर पाणी आणि नंतर कोरडे फडके. ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. तो चुनखडीचा नसल्यामुळे बराच सोसतो. कडप्पा आणि ग्रॅनाइट दोन्ही काळेच दिसतात आणि दोन्हींना ‘फरशी’च म्हणतात, त्यामुळे एकाचा उपचार दुसऱ्यावर होतो.

स्टेनलेस स्टीलची शुद्धी फार विलक्षण आहे. त्याला गंज लागत नाही असे म्हणतात. खरे तर त्यातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो लोखंडाला झाकून ठेवतो. ओरखडा उठला तरी हवेच्या स्पर्शाने पापुद्रा पुन्हा धरतो. नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असते. मनूने शुद्ध करणाऱ्या गोष्टींची जी मोठी यादी दिली आहे, तिच्यात ज्ञान, तप, अग्नी, माती, पाणी यांच्या जोडीने वारा, सूर्य आणि काळही आहेत. स्टीलच्या बाबतीत वारा आणि काळ खरोखरच हे काम करतात. सफाई करणाऱ्याने फक्त त्यांच्या आड यायचे नसते. पण शौचकूप घासायच्या बहुतेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट. दोन्हींतले क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडते आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून तपकिरी ठिपके येतात. तारेच्या घासणीने तर लोखंडाचे कण पत्र्यातच रुततात आणि ते गंजतात. दोष मात्र स्टीलला लागतो. साबणाचे पाणी, पत्र्यावरच्या रेघांच्या दिशेने फडके, मग स्वच्छ पाणी आणि शेवटी कोरडे पुसणे, एवढ्यावर ते वर्षानुवर्षे राहते.

रंगाची भुकटी तापवून बसवलेला, म्हणजे पावडर कोटिंगचा साधा पोलादी पत्रा दिसायला स्टीलहून देखणा आणि स्वस्त असतो. त्याची सगळी अब्रू वरच्या थरात आहे. किल्लीने कोणी नाव कोरले की त्या रेघेतून पाणी आत जाते आणि गंज रंगाखाली सरकत जातो. वरून फुगवटा दिसेपर्यंत खालचा पत्रा खाल्लेला असतो. इथे घासण्यापेक्षा पाहणे महत्त्वाचे. ओरखडा दिसला की त्याच आठवड्यात रंग लावायचा.

पार्टिकल बोर्डवर सनमायका चिकटवलेला आडोसा सर्वांत दुबळा. लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेली ती फळी. वरचा पृष्ठभाग पाणी अडवतो, पण कडेची पट्टी सुटली की आतला भुसा पाणी पितो. अशा फळीच्या खालच्या कडेला बोट लावले तर ती पावसाळ्यातल्या बिस्किटासारखी लागते: फुगलेली, भुसभुशीत, वरची सनमायका ओठासारखी बाहेर वळलेली. तिथे मूत्र मुरलेले असते, वास तिथूनच येतो, आणि कितीही फिनेल ओतले तरी जात नाही, कारण फिनेलसोबत गेलेले पाणीच फळीला आणखी फुगवते. स्मृतिकारांच्या मातीच्या भांड्याची ही आजची बहीण. तिला पाइपाने धुवायचे नाही. पिळलेल्या फडक्याने पुसायचे, लगेच कोरडे करायचे आणि सुटलेली पट्टी त्याच दिवशी चिकटवायची.

तिची जागा आता विमानतळ, मॉल आणि कचेऱ्यांत कॉम्पॅक्ट लॅमिनेटने घेतली आहे. कारागीर त्याला एचपीएल म्हणतात. कागदाचे थरावर थर फिनॉलिक राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन केलेली ही साधारण १२ मिलिमीटर जाडीची घट्ट पाटी. ती जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर, पायांवर उभी करतात, म्हणजे खालून पोछा सहज फिरतो. तिला साबण चालतो, बहुतेक जंतुनाशके चालतात. फक्त खरखरीत पावडरने घासू नये. अमेरिकेत एचडीपीईचे, म्हणजे पाण्याचे कॅन ज्याचे करतात त्याच प्लास्टिकचे, आडोसे पुष्कळ. त्यात रंग आरपार एकच असतो, ओरखडा उठला तर पॉलिश पेपरने घासून काढता येतो, गंज नाही की ओल नाही. पण ते उष्णतेला मऊ पडते आणि पेट घेते. काचेला फक्त जड पाण्याचे पांढरे ठिपके पडतात आणि ते पातळ व्हिनेगरने जातात. त्याच व्हिनेगरचा ओघळ शेजारच्या संगमरवरावर जाऊ नये एवढे सांभाळायचे.

या यादीतून एक जुना आध्यात्मिक दृष्टान्त नव्याने कळतो. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात शुचित्वाचे वर्णन करताना कापराचा दाखला दिला: कापूर आत एक आणि बाहेर एक असा नसतो. अंतरात काही नसताना केलेल्या बाह्य शुद्धीला त्यांनी प्रेताला केलेल्या शृंगाराच्या पंक्तीला बसवले. सनमायकाची फळी आणि आरपार एकजीव पाटी शेजारी ठेवल्या की हा भेद बोटाला लागतो. दृष्टान्ताचा अर्थ बाह्य शुद्धी तुच्छ आहे असा घेतला जातो, पण तो चुकीचा आहे. कापराला बाहेर आहेच. पृष्ठभाग आणि गाभा यांत फट नसणे, एवढेच तिथे म्हटले आहे.

मग शुद्धी झाली हे ओळखायचे कसे? मनूचे माप सरळ आहे: लागलेल्या वस्तूचा लेप आणि वास जाईपर्यंत माती आणि पाणी वापरत राहावे. ही कसोटी डोळ्यांची आणि नाकाची आहे. जोडीला आणखी एक नियम आहे: जे दूषित झालेले कोणी पाहिले नाही ते शुद्ध समजावे. आजच्या ज्ञानाला पहिली कसोटी अपुरी वाटते आणि दुसरी धोक्याची, कारण कडीवरचे जंतू दिसतही नाहीत आणि त्यांना वासही नसतो. तरीही ‘आधी लेप काढा’ हा क्रम आजही बदललेला नाही. मळावर जंतुनाशक टाकले तर त्याची शक्ती मळातच खर्च होते. म्हणून आधी साबणाने धुवायचे, मग जंतुनाशक लावायचे आणि ते डब्यावर लिहिलेला वेळ, अनेकदा दहा मिनिटे, ओले राहू द्यायचे. लावून लगेच पुसले तर फक्त वास राहतो.

न पाहिलेले शुद्ध समजावे या नियमाकडे मात्र दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. तो शंकेला मर्यादा घालतो. शुद्धीची हाव धरली तर ती कुठे थांबायची हे तिला स्वतःला कळत नाही. सोवळ्याच्या घरांत दिवसातून चार वेळा आंघोळ करून हातापायांच्या कातडीला चिरा पाडून घेणारी माणसे होऊन गेली. शौचालयातही तेच होते. अधिक शुद्ध करण्याच्या नादात ॲसिडवर ब्लीच ओतले जाते, दोन्हींच्या संयोगातून क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद कप्प्यात वाकून घासणाऱ्याची छाती भरते. ही दोन द्रव्ये एका बादलीत, एका दिवशी, एकाच जागी कधीही एकत्र येऊ नयेत. पतंजलीच्या सूत्रांत शौचातून आधी स्वतःच्या देहाविषयी किळस आणि इतरांच्या संसर्गापासून दूर राहणे उपजते, असे आहे. त्यापुढचे सूत्र सत्त्वशुद्धी, मनाची प्रसन्नता, एकाग्रता यांचे आहे. पहिल्या पायरीवरच बिऱ्हाड करून राहणे म्हणजे सोवळे.

आणि त्या पायरीवरून समाज खाली उतरला तो माणसांपर्यंत. द्रव्यशुद्धीचे प्रकरण वाचताना त्यातली उदारता मनाला भिडते. जवळजवळ प्रत्येक वस्तूला परतीची वाट ठेवलेली आहे: घासा, तासा, भाजा, वाऱ्यावर ठेवा, वाट पाहा. कारागिराचा हात तर नेहमीच शुद्ध मानला आहे. मनूच्या त्याच अध्यायात चांडाळाच्या स्पर्शाला स्नान सांगितले आहे. ज्याच्याकडून वस्तू घ्यायची होती त्याचा हात शुद्ध ठरला. ज्याच्याकडून घाण उचलून घ्यायची होती त्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणतीच वाट ठेवली नाही. द्रव्याला स्वभाव असतो हे ज्यांना इतके बारीक कळले, त्यांनी माणसाला द्रव्याहूनही कमी लेखले. हा दोष तपशिलाचा नाही. सगळ्या मांडणीच्या मुळाशी तो आहे. देहच विटाळातून जन्मतो, मग शुद्ध कोण, असा सवाल सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विठ्ठलासमोर उभा केला होता. त्याला उत्तर मिळाले नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी दही, दूध, शेण आणि गोमूत्र मिसळलेल्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध करून घेतले. गाईची तहान भागेल एवढे पाणी जमिनीवर साठलेले असेल आणि त्यात अमेध्य मिसळलेले नसेल, तर ते शुद्ध, असे मनूच सांगतो. त्या मापाने चवदार तळ्याला शुद्धीची गरजच नव्हती. त्यात कोणताही लेप, कोणताही वास नव्हता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. दगड, तांबे आणि लाकूड यांच्याविषयी शहाणपणाने बोलणारी पानेही त्या आगीत होती, आणि माणसाबद्दल जे लिहिले होते ते पाहता ती वाचवण्याचा हट्ट धरणे योग्य नव्हते.

घासायचे कोणी, या प्रश्नाला विनयपिटकाने सरळ उत्तर दिले आहे: जो वापरतो त्याने. शौचकुटीच्या व्रतात सांगितलेली कामे बारीक आणि प्रेमळ आहेत. बाहेरून खोकावे, आत कोणी असेल तर त्यानेही खोकून ओ द्यावी. चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र, बाहेर वेळूवर किंवा दोरीवर ठेवावे. कुटी खराब दिसली तर धुवावी, भांडे भरले असेल तर रिकामे करावे, पाणी संपले असेल तर भरून ठेवावे, आवार अस्वच्छ असेल तर झाडावे. आधी ज्येष्ठतेप्रमाणे आत जायची पद्धत होती. नवे भिक्खू ताटकळत, वेग रोखून धरल्याने मूर्च्छा येऊन पडत. म्हणून जो आधी आला तो आधी, असा नियम झाला. या व्रताच्या मुळाशी जी कथा आहे तीही लक्षात ठेवण्याजोगी. ब्राह्मण कुळातून आलेला एक भिक्खू शौचानंतर पाणी घेत नसे. असल्या घाणेरड्या, दुर्गंधी गोष्टीला हात कोण लावणार, असे त्याला वाटे. शेवटी त्याच्याच अंगात किडे पडले.

रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन यांनी शौचकूप साफ करण्याचे काम मागितले. ते जातीने भंगी नव्हते म्हणून तुरुंगाने नकार दिला. अप्पांनी अन्न सोडले आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या पाठीशी उपोषण केले. जे काम कोणाला नको असते ते करण्याची परवानगी मागण्यासाठी माणसाला उपाशी राहावे लागले, यावरून ते काम ‘काम’ म्हणून किती थोडे पाहिले जात होते हे कळते. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पांनी संडासाचीच नवी रचना शोधण्यात वर्षे घालवली. हाताने मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये आणि त्याहून व्यापक कायदा २०१३ मध्ये झाला. पार्टिशन पुसणारा माणूस त्या कायद्यांच्या कक्षेत येत नाही, पण त्याच्याकडे बघण्याची नजर अजून जुनीच आहे.

या ठिकाणी मनूच्याच एका वाक्याचा आशय उपयोगी पडतो. सगळ्या शुद्धींमध्ये पैशाच्या व्यवहारातली शुद्धी श्रेष्ठ, आणि जो पैशात शुद्ध तोच शुद्ध, माती-पाण्याने झालेला नव्हे, असे तो म्हणतो. संगमरवरावर ॲसिड का पडते? सफाई करणाऱ्याला दगड कळत नाही म्हणून क्वचितच. बहुधा त्याला एकच बाटली दिलेली असते, हातमोजे दिलेले नसतात, वीस कप्प्यांना एक तास दिलेला असतो, आणि पगार ठेकेदाराच्या हातून कापून येतो. तासाभरात वीस कप्पे घासायचे तर ॲसिडशिवाय दुसरे काही पुरत नाही. दगडावरचा निस्तेज ओघळ त्या हिशेबाचा असतो. ज्या संस्थेत प्रत्येक पृष्ठभागाला योग्य द्रव, मऊ फडकी, मोजे आणि पुरेसा वेळ मिळतो, तिथे तोच माणूस रेघांच्या दिशेने स्टील पुसतो आणि सुटलेली पट्टी आपणहून दाखवतो. हाताला द्रव्याचा स्वभाव कळायला सवड लागते.

शेवटी त्यागाचा विचार उरतो. जे शुद्ध होत नाही त्याचे काय करायचे, हा. लाकडी दार तासून पुन्हा रंगवता येते, अगदी स्मृतीत सांगितल्याप्रमाणे. स्टीलचा आणि पोलादाचा पत्रा भंगारात जातो आणि भट्टीतून पुन्हा धातू होऊन येतो. एचडीपीई वितळवून पुन्हा घडवता येते. संगमरवराची झिजलेली पाटी पॉलिशवाल्याकडून घासून घेतली की वरचा थर जातो आणि खालून कोरा दगड निघतो. पण फुगलेला पार्टिकल बोर्ड तासता येत नाही, कारण तासल्यावर हातात भुसाच येतो. भाजता येत नाही, कारण त्यातला गोंद जळून विषारी धूर होतो. पुन्हा वितळवायला त्याच्यात काही वितळणारे नसते. त्याची कड एकदा भुसभुशीत झाली की स्क्रू काढून फळी उतरवायची, मागच्या भिंतीवर बसलेला ओलीचा पट्टा धुवून दोन दिवस वाळू द्यायचा, आणि नवी पाटी जमिनीपासून वीतभर वर, पायांवर बसवायची.